बाबालाल, तू उंबऱ्याबाहेरनं शिकवलेली भाकरी

शेवटचं आपण दोघांनी मिळून केलं ते काय, तर चिंचा फोडल्या. माझ्या बांधावरच्या झाडाच्या. उन्हं उतरल्यावर तू आलास, नेहमीसारखा ओट्यावर बसलास आणि बैलांना नाल मारायची ती तुझी हातोडी बाहेर काढलीस. मी म्हणालो, "दगडानं फोड की. बैलाचा खूर हाय का त्यो?" तर म्हणालास, "दगडानं तू फोड. मी कारागीर मानूस हाय." आणि मग कारागिरानं चिंचोके साऱ्या ओट्यावर उडवले. एक माझ्या कपाळावर बसला. त्यावर तू इतका हसलास की खोकल्यानं तुझं तोंड लाल झालं.

मग मिठावरनं भांडलो. तू म्हणालास आत्ताच लाव, मी म्हणालो दोन उन्हं दाखवून लावायचं. तू ऐकेनास. अर्ध्या चिंचेला मीठ चोळून मोकळा झालास आणि कंबर धरून उठलास. "तुला काय कळतंय रं," एवढं मी तुझ्या पाठीला बोललो. तू नुसता हात उडवलास आणि गेलास. सकाळी तुझा लेक सांगायला आला, की अब्बा रात्री झोपले ते उठलेच नाहीत.

माणसानं जायच्या आधी निदान भांडण तरी मिटवावं. तुला तेवढीही उसंत नव्हती. तुझी घाई मला आधीपासून माहीत आहे. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, तेव्हा झिजलेले जुने नाल घाईघाईनं ठोकून माझ्या पवळ्याच्या पायात मारलेस आणि नगरला पोचायच्या आत तो लंगडायला लागला. तेव्हाही कबूल केलं नाहीस. म्हणालास, "बैल नाटकी हाय, धन्यावर गेलाय."

मला लिहायची सवय नाही. चार बुकं शिकलो ती छडीच्या भीतीनं आणि पाचवं हातात यायच्या आत औत हातात आलं. हे तोंडानंच बोलायचं होतं, पण तू जिता असताना बोलू दिलं नाहीस. तुझे आभार मानायला तोंड उघडलं की तुला हटकून काहीतरी आठवायचं. बैल बांधून आलोय, शेळी सुटली असंल, नमाजाची वेळ झाली. नमाजाला तू आठवड्यातनं एकदा जाणारा माणूस. पण मी "बाबालाल, तुझे लई उपकार" असं म्हटलं की तुला लगेच अल्ला आठवायचा.

आता कुठं जातोस? आता ऐकून घे.

माझी सारजा गेली ते बाजरीच्या काढणीचे दिवस होते. बारा दिवस भावकीतल्या बायांनी जेवायला आणून दिलं. तेराव्या दिवसानंतर ताटं उशिरा यायला लागली, मग दिवसातनं एकदाच यायला लागली. मी कुणाला बोल लावत नाही. त्यांच्या घरात तोंडं का कमी होती? पण हे सगळं बघून माझा भिवा नगरहून आला आणि म्हणाला, "बाबा, चला माझ्याकडं." लष्कराच्या गोदामात तो कामाला, एका खोलीत बायको आणि दोन पोरी. मी कुठं झोपणार म्हटलं तर म्हणाला, बाहेर व्हरांडा आहे. माझा चुलतभाऊ कोंडिबा शेजारीच बसला होता. तो लगेच म्हणाला, "जमिनीची काळजी नको. मी वाट्यानं करतो. बैलं इकून टाकू." एवढ्या लवकर तर माणूस स्वतःच्या घराची व्यवस्था लावत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. बाई नाही तिथं चूल नाही, चूल नाही तिथं घर नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. औत, मोट, गाडी, सगळं येत होतं मला. पण सारं घर आवरून शेवटी माणसाला दोन वेळा काहीतरी गिळावं लागतं आणि ते कसं करायचं हे माझ्या बापाला माहीत नव्हतं, आज्याला माहीत नव्हतं. तेव्हा मी जायचं कबूलच केलं होतं. बैलांना गिऱ्हाईक बघायला तुझ्याकडं आलो, कारण आसपासच्या साऱ्या बैलवाल्यांची तुझी ओळख.

तू नाल मारायला पाडलेल्या एका बैलाच्या मानेवर बसून होतास. मी बोललो ते सगळं ऐकलंस. म्हणालास, "गेन्या, तू भाकरीसाठी जमीन सोडतोस व्हय?"

"मग काय खाऊ? माती?"

"शीक की."

"काय शीक?"

"भाकरी. त्यात काय हाय? पीठ हाय, पानी हाय, हात हायत. मी शिकवतो तुला."

एवढ्या खात्रीनं बोललास की मला वाटलं, ह्याची बायको मरून दहाबारा वर्षं झाली, हा पठ्ठ्या स्वतःच करून खात असणार. तुझी सून हमीदा तोवर घरात आलेली होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा डोकं ठिकाणावर कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी आलास आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ओसरीत बसलास. आत मी, माझ्यापुढं सारजाची लाकडी काटवट, मध्ये खोलगट झिजलेली. मी आत ये म्हणालो नाही, तू आलाही नाहीस. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तुझ्या हाताचं शिजलेलं आमच्यात चालत नव्हतं, गावाची रीत होती, आपण दोघं त्या रीतीतच म्हातारे झालो होतो. त्यामुळं तू पिठाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आत धूर आणि अंधार. तुला तर मी दिसतही नव्हतो. आणि तरी तुझा हुकूम सुरू.

"मळ. अजून मळ. बैल पाडायचा हाय का? एवढा जोर कशाला? मनगटाच्या बुडानं मळ."

"तुला दिसतंय का?"

"दिसायला कशाला पायजे? आवाज येतोय की. थापताना थप थप आलं पायजे. तुझं फच फच येतंय. पानी जास्त झालं. पीठ टाक."

पीठ टाकलं तर म्हणालास आता कोरडं वाजतंय. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला. दुसरी तव्यावर टाकताना तुटून चुलीत पडली. तिसरी करपली. चौथी आतून कच्ची. मी काटवट भिंतीकडं ढकलली आणि तुला नको नको ते बोललो. तू शांतपणे तंबाखू मळत म्हणालास, "बरं. मग इक बैलं." मी काटवट परत ओढली.

असा तू. गोड बोलून कुणाला उठवलं नाहीस, टोचून उठवायचास.

महिनाभर हा तमाशा चालला. साऱ्या गल्लीला करमणूक. कोंडिबा मुद्दाम दारावरनं जायचा आणि विचारायचा, "गेनबा, बांगड्या कवा भरतोस?" मी मान खाली घालायचो. तूच ओरडलास, "कोंडिबा, तुझी बायकू म्हायेरी गेल्यावर तू काय खातोस रं? गेल्या बारीला तीन दिवस शेंगा खाऊन पोट धरून हिंडत हुतास, मी बघितलंय." त्यानंतर कोंडिबा पलीकडच्या बोळानं जायला लागला.

आणि एक दिवस ती फुगली. तव्यावरनं काढून निखाऱ्यापुढं उभी केली आणि बेडकासारखी टम्म फुगली. मी आतून ओरडलो, "बाबालाल, फुगली!" माझं वय काय, मी ओरडतोय काय. तू म्हणालास, "फुटली न्हाई ना? मग खा." दुसरं काही नाही. पण त्याच आठवड्यात भिवा मला न्यायला आला तेव्हा मी त्याच्यापुढं भाकरी, पिठलं आणि कांदा ठेवला. त्यानं खाल्लं. हात धुताना म्हणाला, "आईसारखी न्हाई." मी म्हणालो, "नसंल." तो एकटाच नगरला परत गेला. बैल दावणीला राहिले, जमीन माझ्याकडं राहिली, माझं दार उघडं राहिलं. हे तुझ्यामुळं झालं. एवढंच वाक्य मला तुझ्यापुढं म्हणायचं होतं. तीन वर्षांत म्हणू दिलं नाहीस.

तोंडानं नाही तर वस्तूनं सांगावं म्हणून मी तुला घोंगडी दिली. चांगली, काळी, धनगराकडं बसून विणून घेतलेली. ती तू शेळीखाली अंथरलीस. आणि शेळी दारातच बांधलीस, जाता येता मला दिसावी म्हणून. मी रागानं तीन बाजार तुझ्याशी बोललो नाही. चौथ्या बाजारी तूच माझ्या गाडीत येऊन बसलास आणि म्हणालास, "शेळीला लई ऊब लागती रं. दूध वाढलंय." काय करायचं असल्या माणसाचं?

बाजरी जमली, पण ज्वारी जमेना. चैत्र लागला की लोक ज्वारीवर येतात, बाजरी उन्हाळ्यात उष्ण पडते. माझी ज्वारीची भाकरी थापतानाच चिरायची, उचलली की दोन तुकडे. तुला विचारलं की तू विचारात पडायचास, मग एकदम उठायचास. "थांब, बैल बांधून आलोय." आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचास, "पानी गरम घाल." गरम घातलं, तरी तुटली. परत बैल बांधून आलास. "पीठ शिळं असंल, इरी गेली असंल, चिकटपणा उरला नसंल." ताजं दळून आणलं, तरी तुटली. शेवटी मी उन्हाळाभर बाजरीच खाल्ली. अंगावर उठलं, तोंड आलं. तू म्हणालास, "तुझा हातच बाजरीचा हाय." मी म्हणालो, "तुझं शिकवणंच बाजरीचं हाय." हे भांडण दोन उन्हाळे चाललं.

मग ते वाईट दिवस आले. नगरहून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी ऐकून यायचा, निजामाच्या हद्दीतनं कुणी कुणी घरं सोडून आलेले रस्त्यानं दिसायचे. आपल्या गावात काही झालं नाही, पण चावडीवर लोक तू आलास की विषय बदलायला लागले. मला तिडीक आली. त्या दिवशी मी ओसरीत येऊन तुला म्हणालो, "ऊठ. आत चल. चुलीपाशी बस. माझ्या पिठाला हात लाव. बघू दे कुनाला बघायचंय ते."

तू हललाच नाहीस. "नको रं."

"का नको?"

"उद्या भिवाच्या पोरींची लग्नं जुळवायची हायत तुला. भावकी लागंल."

"भावकी गेली खड्ड्यात. मी म्हनतोय ना?"

"तू म्हन. मी हितं बरा हाय. वारं लागतंय."

मी मनगट धरून ओढलं. तू सोडवून घेतलंस. सबंध आयुष्यात मी पहिल्यांदा तुला आत बोलावलं आणि तू वारं लागतंय म्हणून सांगितलंस! मला तो अपमान वाटला. नंतर मी तीनचारदा म्हणालो, प्रत्येक वेळी तू बाहेरच. मी मनात धरून होतो, की ह्यानं माझ्यावर भरवसा ठेवला नाही. तुला मूठमाती देताना हेच माझ्या मनात होतं. शिव्याच देत होतो म्हण. तीन वर्षं माझ्या दारात बसलास आणि माझ्या घरात आला नाहीस.

दुखवट्याच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची, ही रीत तुमच्यात तशीच आमच्यात. पहिले दोन दिवस तुमच्या भाईबंदांनी आणलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेलं. भिवा मयतीला आलेला होता, तो म्हणाला कुणाकडनं तरी करून घेऊ. मी म्हणालो, माझं मी करीन. बाजरीचं पीठ संपलं होतं, ज्वारीचं होतं. व्हायचं तेच झालं. तुकडे झाले. तुकडेच फडक्यात बांधले, वांग्याचं कालवण घेतलं आणि तुझ्या दारात गेलो.

हमीदानं फडकं उघडलं. तीन दिवस रडून पोरीचे डोळे सुजलेले. तुकड्यांकडं बघितलं, एक उचलला, बोटांनी चुरून पाहिला. आणि म्हणाली, "काका, पानी नुसतं गरम घातलं व्हय?"

मी म्हणालो, "गरमच घालायचं ना? बाबालाल म्हनायचा गरम."

"अगं बाई. मी त्यांना सांगून सांगून दमले. गरम न्हाई, उकळतं म्हना. आदन उकळून पिठात वतायचं, उलथन्यानं हलवायचं, मग मळायचं. रोज सांगायची. ते व्हय व्हय म्हनायचे आन् तुमच्याकडं येऊन नुसतं गरम सांगायचे."

मी विचारलं, "तू कशाला सांगायचीस?"

"मग त्यांना कुठं येत हुतं?" ती म्हणाली. "अब्बांनी कवा जन्मात पिठाला हात लावला न्हाई. तुमचं काय बिघडलं की धावत घरी यायचे. 'हमीदा, तुटतीया म्हनतोय, काय सांगू? हमीदा, करपतीया म्हनतोय.' मी म्हनायची, मीच जाते दारापाशी, सांगते काकांना. तर म्हनायचे, नको, त्याला लाज वाटंल पोरीसोरीकडनं शिकायला. माझ्याकडनं शिकंल." आणि मग तिला हसू आलं. सुजलेल्या डोळ्यांनी हसता हसता ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

मी तिथंच ओट्यावर बसलो.

बाबालाल, लबाडा! बैल बांधून आलोय! कुठला बैल? तीन वर्षं तू ह्या गल्लीतनं त्या गल्लीत हेलपाटे मारलेस. कमरेला धरून. सुनेकडनं ऐकायचं, तोंडानं घोकत यायचं, अर्धं वाटेत सांडायचं आणि उरलेलं माझ्यावर खेकसायचं. मी तुला आत ओढत होतो, पिठाला हात लाव म्हणत होतो, आणि तू मनगट सोडवून घेत होतास! हात लावला असतास तर उघडा पडला असतास. माझ्या नातींच्या लग्नाची काळजी म्हणे. वारं लागतंय म्हणे.

का दोन्ही खरं होतं? भावकीचंही आणि हेही? हे आता कुणाला विचारू? तू मला विचारायला जागाच ठेवली नाहीस. एवढं मात्र कळलं, की ते थप थप तुझं स्वतःचं होतं. ते तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. आधी बायकोचं, मग सुनेचं, जन्मभर आपल्या ओट्यावर बसून तू ते ऐकत होतास. मीही माझ्या ओट्यावर बसत होतो. सारजा आत थापतच होती. मला आवाज आठवत नाही.

घरी आलो तर भिवा माझं गाठोडं बांधत होता. म्हणाला, "आता तरी चला. तुमची भाकरी बघनारा गेला. ज्वारीचे तुकडे किती दिवस खानार?" मी बांधू दिलं. तो समजला, बाबा तयार झाले.

सकाळी मी त्याच्याबरोबर फाट्यावर गेलो. नगरची सर्व्हिस मोटार आली. त्यानं आधी गाठोडं वर टाकलं, मी ते खाली ओढून घेतलं. म्हणालो, "तू जा. पोरींना सुट्टी लागली की आन हिकडं."

"बाबा, खानार काय?"

"शिकतोय अजून."

मोटारवाला ओरडायला लागला, भिवा चढला. मी गाठोडं काखेत घेऊन सरळ तुझ्या घरी गेलो. तीन दिवसांनी चूल पेटत होती, धूर छपरातनं निघत होता. हमीदा बाहेर आली, ओट्यावर माझ्यासाठी पोतं अंथरायला लागली. मी म्हणालो, "राहू दे," आणि वाकून आत गेलो. तुझ्या घराचं दार लई बुटकं आहे, डोक्याला लागलं.

ती दारातच थांबली. "काका, आत? लोकं जात्यात येत्यात वाटेनं."

"जाऊ दे. मला तुझ्या सासऱ्यासारखं आवाजावरनं कळत न्हाई. बघायलाच लागतं. आदन ठेव."

तिनं ठेवलं. पाणी खळखळलं. मग तिनं जर्मनच्या परातीत पिठावर ओतलं, उलथण्यानं हलवलं, मळलं, थापलं. भाकरी अख्खी उचलली गेली, तव्यावर गेली, निखाऱ्यापुढं फुगली. तिनं ती टोपलीत टाकली नाही. हातात धरून थांबली, मला द्यावी का नको ह्या विचारात.

मी हात पुढं केला. कोरडीच खाल्ली, चुलीपाशी बसून, सगळी. मग तिची परात माझ्याकडं ओढली आणि दुसरी मी थापायला घेतली.